चुकांचा कंत्राटदार

इस्राएलमधल्या लोद गावी बसथांब्यावर बस उशिरा आली की एक उंच, वाळके गृहस्थ रांगेच्या पुढे येऊन उभे राहत आणि सगळ्यांची माफी मागत. "मंडळी, आज फार खोळंबा झाला. चूक माझी." हे ते आधी मराठीत सांगत, मग मुंबईच्या इंग्रजीत, आणि शेवटी छातीवर मूठ आपटून हिब्रूत: "आनी आशेम." म्हणजे मी दोषी. हिब्रूतलं हे एकच वाक्य त्यांना न अडखळता येत असे, कारण ते त्यांनी उपासाच्या दिवशीच्या प्रार्थनेतून उचललं होतं.

बसशी त्यांचा संबंध इतकाच, की ते स्वतःही त्याच बसची वाट पाहत असत.

नवीन माणसाला वाटे, हे बसखात्याचे कोणी अधिकारी असावेत. एकदा पिशवीत कोंबड्या घेऊन निघालेल्या एका रुमानियन बाईने बस येईपर्यंत त्यांना मनसोक्त झापलं. ते मान हलवत ऐकत राहिले. कोंबड्याही ओरडत होत्या, त्यांच्याकडे पाहूनही त्यांनी एकदा मान हलवली. बस आली तेव्हा त्याच बाईने आपल्या शेजारची जागा त्यांच्यासाठी धरून ठेवली आणि लोदपासून शेवटच्या थांब्यापर्यंत आपल्या सुनेबद्दल सांगितलं. सुनेबद्दलही त्यांनी माफी मागितली असणार.

त्यांचा काळा अल्पाकाचा कोट उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बंद असे. काखेत एक घडीचं स्टूल असे. कोणी रागावून बोलायला लागलं की ते आधी स्टूल उघडून त्यावर बसत आणि मग म्हणत, "हं, बोला." मी एकदा स्टुलाचं कारण विचारलं. "उभ्याने शिव्या ऐकू नयेत," ते म्हणाले. "उभा माणूस उलट उत्तर देतो. बसलं की ऐकू येतं."

आम्ही सगळे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कोणी अलिबागकडचे, कोणी पेणचे, कोणी मुंबईला गिरणीत किंवा रेल्वेत राहून आलेले. नवा देश झाला तशी घरं आवरून आलो. हे काका मूळचे चौलचे. मुंबईत कोकणच्या आगबोटी चालवणाऱ्या एका कचेरीत त्यांनी सगळी नोकरी तक्रारींच्या खिडकीमागे काढली होती. बोट उशिरा गेली, ट्रंक भिजली, आंब्याची करंडी दुसऱ्याच बंदरावर उतरली, की माणसं त्या खिडकीशी येत. आमच्यातली बरीच वयस्क माणसं त्यांना त्या खिडकीपासूनच ओळखत होती. "ह्याला मी धक्क्यावर शिव्या दिल्यात," असं काही जण अभिमानाने सांगत.

देवळात, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, दारफळणीच्या सणाला सगळा दिवस उपास आणि पापांची कबुली असते. बाकीचे आम्ही छातीवर बोटं टेकवल्यासारखं करतो. काका ठोसे मारत. मागच्या बाकावरून एकदा कोणीतरी कंटाळून म्हणालं, "काका, आमच्यासाठी पण काही ठेवा!" प्रार्थना सांगणाऱ्या गृहस्थांना हसू आवरलं नाही आणि ओळ चुकली. काकांनी वळून त्या चुकीचीही कबुली दिली.

पुढे ते मुलीकडे किर्यात मलाखी या दुसऱ्या गावी राहायला गेले. त्यानंतर लोदला बस उशिरा येई तेव्हा रांगेतली माणसं इकडेतिकडे पाहत. राग असे, पण तो ठेवायला जागा नसे. दोन अनोळखी माणसं एकमेकांशी भांडू लागत.

त्यांना 'कब्लान' हे नाव पडलं ते एका नळामुळे. कब्लान म्हणजे हिब्रूत कंत्राटदार. आमच्या गल्लीच्या नळाचं पाणी एकदा गेलं. बायका बादल्या घेऊन कचेरीत गेल्या, तर तिथला कारकून म्हणाला, हे माझं खातं नाही. दुसरा म्हणाला, माझंही नाही. बायका परत आल्या तेव्हा काका नळापाशी स्टुलावर बसलेले. "बायांनो, पाणी गेलं. चूक माझी." मग काय विचारता! मराठी, अरबी आणि आणखी कसल्या कसल्या भाषांत शिव्या खाण्यात त्यांची दुपार गेली. संध्याकाळी पाणी आलं. ते आपोआप आलं होतं की कोणी दुरुस्त केलं होतं, देव जाणे. पण बायकांनी सरळ हिशेब मांडला: चूक ज्याची, काम त्याच्याच हातातलं असणार. त्या दिवसापासून गल्लीत कोणाचं छप्पर गळलं, दार फुगलं, की लोक म्हणू लागले, कब्लानकाकांना बोलवा. आणि काका, ज्यांनी आयुष्यात थापी हातात धरली नव्हती, खरोखरच घरदुरुस्तीची कामं घेऊ लागले.

आता माझं सांगतो. मी पेणचा. वडील लवकर गेले. आईने लोकांचे कपडे शिवून मला शाळेत ठेवलं. गुरुजींनी फी माफ करवून घेतली, मुंबईला नात्यातल्यांनी जेवायला घातलं, आणि मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. झालो. या सगळ्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण तेव्हा ते माझ्या डोक्यात जरा जास्तच भरले होते. इतक्यांनी मिळून घडवलेला माणूस चुकीचा कसा निघेल, असं मला मनातून वाटत असे.

लोदला आम्ही आधी मआबऱ्यात राहिलो, म्हणजे नव्या लोकांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या झोपड्यांत. मला विमानतळाच्या गोदामात कारकुनी मिळाली आणि पुढे गावातल्या एका जुन्या दगडी घरातल्या दोन खोल्या. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. आईला घेऊन गेलो. तिने खोल्या पाहिल्या, अंगणातलं तुतीचं झाड पाहिलं, स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

"मोरी कुठाय?"

खिडकीखाली कमरेएवढ्या उंचीवर दगडी कुंडी बसवलेली होती. मी ती दाखवली.

"उभ्यानं भांडी घासू? मी काय इस्पितळात हाय?"

"आई, इथे सगळे असंच..."

"सगळ्यांनी घासावी. मी मोरीशिवाय घरात यायची नाय."

हे मी हसण्यावारी नेलं असतं, पण एक गोष्ट होती. आमच्या शेजारच्या झोपडीतली रेवदंड्याची बाई नवऱ्याबरोबर हिंदुस्थानात परत निघाली होती. तेव्हा आमच्यातली काही मंडळी परत जात होती. कोणाला काम रुचलं नाही, कोणाला वागणूक, कोणाला नुसतं जेवण. आई त्या बाईकडे हल्ली रोज बसू लागली होती. आणि एका सकाळी तिने आपली वळकटी बांधली आणि झोपडीच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. "नव्याच्या सणापर्यंत बघते," ती म्हणाली. "घर घरासारखं झालं तर झालं. नायतर मी हिच्याबरोबर जाते. पेणला माझी भाची हाय."

नव्याचा सण म्हणजे आमचं नवं वर्ष, उन्हाळ्याच्या अखेरीस येणारं. तेवढ्यात मोरी व्हायला हवी होती, नाहीतर आई जाणार होती. जिने डोळे फोडून मला शिकवलं, तिला माझ्या घरात एक रात्रही झोप मिळणार नव्हती. मी कामाला लागलो.

पहिला प्रश्न, काम कोणाला द्यायचं. काका आपण होऊन आले. उंबऱ्याशी थांबले, आत रिकाम्या खोलीकडे पाहून त्यांनी हळूच मान वाकवली आणि म्हणाले, "माफ करा."

"कुणाला म्हणताय, काका?"

त्यांनी भिंतीतल्या दिवा ठेवायच्या कोनाड्याकडे बोट केलं. तिथे काजळीचा डाग होता. "ज्यांचा दिवा होता त्यांना."

लढाईत गावाबाहेर काढलेल्या अरबांची ही घरं; आधी नेमकं कोणाचं होतं हे त्या दिवसांत कोणी विचारत नसे. मीही विचारलं नव्हतं. मी विषय बदलून मोरीवर आणला.

"ग्रॅज्युएटसाहेब," काका म्हणाले, "सगळं काम एकाच्या अंगावर टाका. माझ्या."

"पण काका, रागावू नका. तुम्हाला बांधकामातलं काय येतं?"

"काही येत नाही."

"मग?"

"येणारे लोक मी आणीन. काम कारागीर करतो. काम बिघडलं की कोणीतरी लागतं. तो मी."

मला हे हास्यास्पद वाटलं. अर्थशास्त्राच्या पेपरात श्रमविभागणीवर मी लिहिलेलं उत्तर आमच्या प्राध्यापकांनी वर्गात वाचून दाखवलं होतं. प्रत्येक काम त्यातल्या जाणकाराने करावं, मध्ये बिनकामाचा माणूस कशाला? मी काकांना ते समजावून सांगितलं, बराच वेळ, उदाहरणं देऊन. ते स्टुलावर बसून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "फार छान बोलता. चूक माझी," आणि निघून गेले. मी जिंकलो असं समजून मी अंगणात एक फेरी मारली.

मी तीन वेगवेगळे कारागीर ठरवले. गवंडी बगदादचा, नळवाला मोरोक्कोचा, फरशीवाला रुमानियाचा. तिघेही आपापल्या कामात उत्तम, हे मी चौकशी करून पाहिलं होतं. प्रश्न फक्त मोरी म्हणजे काय हे सांगण्याचा होता. बगदादला मोरी नाही, मोरोक्कोला नाही, रुमानियाला नाही. हिब्रूत तिला शब्द नाही. शिवाय माझं हिब्रू प्रार्थनेच्या पुस्तकातलं. मी गवंड्याला जे सांगितलं ते आपल्या भाषेत साधारण असं होईल: "हे बांधणाऱ्या, माझ्या मातेकरिता जलांचे स्थान निर्माण कर." गवंडी म्हणाला, "आमेन."

तेव्हा मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उकिडवा बसलो आणि हवेत भांडी घासून दाखवली. तांब्याने पाणी ओतल्याचा अभिनय केला. प्रत्येक कारागिराला मी हे वेगवेगळं, त्याच्या त्याच्या दिवशी करून दाखवलं. प्रत्येकाने मान डोलावून "बेसेदेर", म्हणजे ठीक आहे, असं म्हटलं. प्रत्येकाला काय समजलं ते मला पुढे कळलं.

गवंड्याला वाटलं, म्हातारी घरात बदकं पाळणार. ती बाहेर पळू नयेत म्हणून त्याने मोरीचा कठडा मांडीएवढा उंच आणि फार मजबूत बांधला. नळवाल्याला वाटलं, उकिडवं बसून अंगावर पाणी घ्यायची आमच्याकडची काही धार्मिक रीत असावी. त्याने नळ डोक्याच्या उंचीवर काढला आणि पाणी जायचं भोक बरोबर मध्यभागी ठेवलं. फरशीवाला सर्वांत विचारी. लोदकडे घर धुताना जमिनीवर पाणी ओततात आणि रबरी पट्टीच्या दांड्याने दाराकडे लोटून बाहेर काढतात. म्हणून त्याने सगळ्या फरशीला, मोरीच्या आतसुद्धा, दाराकडे उतार दिला. उगाच भिंत ओली व्हायला नको. कठड्यातून पाणी बाहेर पडावं म्हणून त्याने छिन्नीने खालून एक सुबक खाच पाडली. ती खाच इतकी सुंदर होती की मी तिचं कौतुक केलं.

प्रत्येकाचं काम पाहून मला समाधान वाटलं. कोणाच्याही कामात खोट नव्हती. मोरी तेवढी झाली नव्हती, आणि ती झाली नाही हे मला दिसत नव्हतं.

आईला आणलं. ती कठड्यापाशी थांबली. लुगडं सावरून एक पाय आत टाकला, कठड्यावर काही क्षण घोड्यावर बसल्यासारखी अडकली, मग दुसरा पाय आत घेतला. तिने नळ सोडला. पाणी तिच्या डोक्यावर पडलं. तांब्या भरून तिने फरशीवर ओतला. पाणी मधल्या भोकाच्या कडेने शांतपणे पुढे गेलं, खाचेतून बाहेर पडलं, स्वयंपाकघर ओलांडून बाहेरच्या खोलीत शिरलं आणि माझ्या पुस्तकांच्या ट्रंकेखाली गेलं. शाळेत 'पाणी' या विषयावर निबंध लिहून मी बक्षीस मिळवलं होतं. पाणी नेहमी उताराकडे वाहते, असं त्यात एक वाक्यही होतं.

"बेस झालं," आई म्हणाली. "नदीवर जायला नको. नदीच घरात आणलीस." पदराने केस पुसत ती बाहेर पडली.

तिने मला रागे भरायला हवं होतं. लहानपणी ती मला पेणच्या बाजारपेठेपर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची. पण बी.ए. झाल्यापासून ती मला एकदाही टाकून बोलली नव्हती. झोपडीत गेली आणि शेजारणीला विचारू लागली, "तुमचं कधी निघायचं ठरलं? माझं पण सांगून ठेवा."

मी तिन्ही कारागिरांना एकत्र बोलावलं. माझ्या समोर ते एकमेकांशी भांडले. उतार कोणाचा, हा वाद होता. गवंडी म्हणे फरशीवाल्याचा. फरशीवाला म्हणे, भोक जिथे ठेवलं त्याचा. नळवाला म्हणे, कठडा ज्याने घातला त्याचा. तिघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. तिघेही छातीवर हात ठेवून "लो शेली" म्हणत. म्हणजे माझं नाही. मी समजूत घालायला गेलो, तर नळवाल्याने विचारलं, "मग तुझं आहे का?" मी म्हणालो, "मी तर सगळं स्पष्ट सांगितलं होतं." तो म्हणाला, "म्हणजे तुझंही नाही." तिघे निघून गेले. ओल्या स्वयंपाकघरात मी एकटा उभा राहिलो.

नव्याचा सण जवळ आला होता. मी काकांकडे गेलो.

"या, या," ते म्हणाले. "उशीर झाला. चूक माझी. मी तेव्हाच जोर धरायला हवा होता."

"काका, आता कराल का?"

"करतो की. एक अट. काम चालू असताना तुम्ही तिथे दिसायचं नाही."

"का?"

"तुम्ही फार समजावता."

दुसऱ्या दिवशी मी गोदामात बसलो खरा, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी परवानगी काढून घरी गेलो आणि तुतीच्या झाडामागे उभा राहिलो. पाहतो तो काय, काकांनी तेच तिघे आणले होते! तोच बगदादचा, तोच मोरोक्कोचा, तोच रुमानियाचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हेच करायचं होतं तर मी काय वाईट होतो?

काका अंगणात स्टुलावर बसले होते आणि तिघे त्यांच्याभोवती उभे राहून ओरडत होते. काकांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगून ठेवलं होतं की तुझं काम सुरेख होतं, घोटाळा माझा. आता तिघांकडे एकमेकांशी भांडायला कारण उरलं नव्हतं आणि समोर गुन्हेगार आयता बसलेला होता. रुमानियन अर्धं यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची बोली, बोलत होता. बगदादचा अरबीत बापाचा उद्धार करत होता. काका प्रत्येकाच्या श्वासाच्या जागी "आनी आशेम" म्हणत होते.

एवढ्यात फाटकातून आई आली. तिच्या हातात पितळी तपेली होती. मागून कळलं, सकाळी काकाच झोपडीवर जाऊन तिला सांगून आले होते की बाई, तुमच्या मोरीचं वाटोळं मी केलं.

"कोण रे तू? तू बांधलीस माझी मोरी?"

"मीच, बाई."

"मोरी पाहिली होतीस का जन्मात?"

"पाहिली होती. मी चौलचा."

"चौलचा? आणि हा कठडा? मेल्या, हत्तीला न्हाऊ घालायचं होतं काय तुला?"

"चूक झाली."

"चूक झाली म्हणे! ये, ये इकडे. आत ये. बस खाली."

काका स्टूल घेऊन आत गेले. तिघे कारागीर मागोमाग गेले, आपल्या गुन्हेगाराला दुसरं कोणी ताब्यात घेतलं हे त्यांना रुचलं नसावं. मी खिडकीपाशी सरकलो. आई कठड्याच्या बाहेर जमिनीवर उकिडवी बसली आणि तपेली फरशीवर आपटून घासू लागली, घासता घासता काकांना बोलत राहिली. "इथं बसल्यावर माझा हात कुठवर जातो बघ! नळ आभाळात ठेवलास, मी काय घार हाय? खरकटं पाणी कुठं जायचं? तुझ्या डोक्यावर?" आणि तिने ते पाणी खरोखरच काकांच्या बुटांवर ओतलं.

गवंडी तपेलीकडे पाहत पुढे सरकला. मग काकांवर खेकसला, "बदकं नाहीत?" नळवाला डोक्याला हात लावून ओरडला, "भांडी! भांड्यांसाठी आहे!" फरशीवाला काकांच्या कोटाची बाही ओढून विचारू लागला, की ती खाली बसते हे तू मूर्खा आधी का नाही सांगितलंस? काका म्हणाले, "आनी आशेम." आता चौघं चार भाषांत एकाच माणसाला झापत होती, आणि त्या गदारोळात गवंड्याने कोळशाच्या तुकड्याने भिंतीवर आईच्या गुडघ्याच्या उंचीवर खूण केली, नळवाल्याने नळ कुठे यावा ते तिच्याच हाताने दाखवून घेतलं, फरशीवाल्याने पुन्हा पुन्हा पाणी ओतून कोपऱ्याकडे बोट केलं. दुपार कलायच्या आत उंच कठडा फुटला. मला कोणी काही विचारलं नाही. माझ्या हातात, विचारलंच तर असावा म्हणून, मी काढलेला मोरीचा नकाशा होता.

पुढे काही दिवसांत मोरी झाली. बोटभर उंचीचा काठ, गुडघ्याशी नळ, कोपऱ्यात भोक. पाणी टाकलं की सरळ तिकडेच जाई. मी काकांचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी हात झटकले. "ते त्या तिघांना सांगा. चांगलं झालेलं माझ्याकडे जमा होत नाही."

"काका, पण तुम्ही हे का करता?"

ते थोडा वेळ कोटाचं बटण फिरवत राहिले. "खिडकीवर नवीन होतो तेव्हा लोकांना मी कारणं सांगायचो. भरती, कोळसा, वारा. सगळी खरी. लोक जास्तच चिडायचे. एकदा एक बाई आली. बोट उशिरा गेली म्हणून तिला शेवटी बापाचं तोंड दिसलं नव्हतं. तिला काय वारा सांगायचा? मी म्हटलं, बाई, चूक माझी. ती खिडकीच्या गजाला धरून रडली आणि घरी गेली." मग ते एकदम उठले. "चला. आज रेशनच्या दुकानात मासा आलाय म्हणे, तो बर्फातला. लोक ओरडतील. मला तिथे असायला पाहिजे."

मोरी झाली, आम्ही सामान हलवलं, आणि माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला. पण आईने आपली वळकटी नव्या घरातही तशीच बांधलेली आणली आणि दाराशी ठेवली. शेजारीण सणानंतरच्या आठवड्यात निघणार होती. मला काही समजेना. मोरी हवी होती, मोरी दिली. मी विचारलं तर म्हणाली, "मोरी चांगली हाय रे. तुला म्हटलं का मी, वाईट हाय?" तिने घरासाठी मलिदा करायचं ठरवलं. पोहे, गूळ, खोबरं तिने कुठून कुठून जमवलं, एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना झाली, माणसं आली, खाऊन गेली. वळकटी दाराशीच.

सगळे गेल्यावर आई मोरीत ताटं घासायला बसली. काका मागच्या दाराशी स्टुलावर बसून राहिले होते. मी बाहेरच्या खोलीत खुर्च्या लावत होतो.

"पाणी जातंय," आई म्हणाली.

"हो, बाई."

"पण त्याला चव नाय."

"चूक माझी."

"मासा तसला. त्याला ना डोकं ना शेपूट. मासा हाय की साबण?"

"तोही मीच."

"माझा पोरगा बी.ए. झाला. आणि तुम्ही त्याला पेट्या मोजायला बसवलात."

"चूक झाली, बाई."

भांड्यांचा आवाज थांबला. आई बोलली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. "आणि मला इथं आणलीस कशाला? ह्याचा बाप तिथं पेणला मातीत हाय. त्याच्या दगडाला आता कोण पाणी लावील? कोणी आणलं मला?"

मी हातातली खुर्ची खाली ठेवली. तिला कोणी आणलं ते मला ठाऊक होतं. पेणच्या ओसरीवर मी उभा राहून पूर्वजांच्या भूमीबद्दल इतकं सुरेख बोललो होतो की तिने मान हलवली होती. मी स्वयंपाकघराकडे निघालो, पण दारापर्यंत पोचायच्या आत काकांचा आवाज आला. नेहमीचा, बसथांब्यावरचा नव्हता तो.

"मी आणलं, बाई. तुम्हाला नीट विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

मोरीतला नळ चालू होता. त्या आवाजात आई रडत होती. या देशात पाऊल ठेवल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, आणि बराच वेळ रडत राहिली. मी दारात उभा होतो, पुढेही जाववेना आणि मागेही.

मग तिने नळ बंद केला, पदराने तोंड पुसलं.

"आणलंस ते आणलंस," ती म्हणाली. "आता कावळ्यासारखा त्या स्टुलावर नको बसू. आत ये. जेवून जा." मग तिची नजर माझ्यावर गेली, आणि पेणनंतर प्रथमच ती माझ्यावर पूर्ण आवाजात ओरडली, "आणि तू काय खांबासारखा उभा मेल्या? ती वळकटी सोड, चादर काढ आतली! ह्याला बसायला काय घालू, माझं कपाळ?"

मी धावलो आणि वळकटीपुढे गुडघ्यांवर बसलो. पण आईने बांधलेली गाठ ती. बी.ए.ला काही सुटेना. शेवटी दातांनी सोडवावी लागली.